गावाचा रोजचा इतिहास कसा जपायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माण, खटाव, आटपाडी, खानापूर या दुष्काळी पट्ट्यातल्या बाजारगावांतून आणि तिथून पोटासाठी बाहेर पडलेल्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं बहुतेक याच भागातली आहेत, पण कुठल्याही तालुक्याला ती चालतील. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात परत सांगितलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमच्या गावात किल्ला नाही, लढाई झाली नाही, कुणी मोठा माणूस जन्मला नाही. मग जपायचं काय?

बाजाराचा वार कोणता होता आणि तो का बदलला. आडावर कुणाला पाणी शेंदता यायचं आणि कुणाला ओंजळ धरून लांब उभं राहावं लागायचं. पहिली पिठाची गिरणी कुणी टाकली, तोवर जातं किती वाजता सुरू व्हायचं. बाळंतीण अडली तर बैलगाडी कुठे न्यायची. तालमीतली माती कुठून आणायची. हे जपायचं.

औंधचं उदाहरण घ्या. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ च्या जानेवारीत आपल्या संस्थानाला राज्यघटना दिली, त्यामागे गांधीजींचा सल्ला आणि मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअरची खटपट होती, ७२ गावांचा कारभार पंचायतींकडे गेला, आणि १९४८ च्या मार्चमध्ये संस्थान विलीन झालं. हे सगळं छापलेलं आहे. पण त्या बहात्तरांतल्या एखाद्या गावात पहिली पंचायत कुठे बसली, घोंगडीवर कोण आणि भुईवर कोण, सही कुणी केली आणि अंगठा कुणी उठवला, हे विचारायला गेलं की सांगणारं माणूस शोधावं लागतं. राजाची नोंद ठेवायला दरबार होता. आडावरच्या रांगेची नोंद कुणीच ठेवली नाही, म्हणून ती आपल्याला ठेवायची आहे.

आणि इतिहास म्हणजे फार जुनंच असंही धरू नका. २०१२-१३ च्या चारा छावण्या, टँकरच्या खेपा, छावणीत जनावरांपाशी मुक्काम करून काढलेले महिने, हेही आत्ताच लिहून ठेवायला हवं. छावणीचं कार्ड अजून कुणाच्या तरी कोनाड्यात असेल.

२. सुरुवात कागदांपासून करू की माणसांपासून?

माणसांपासून. कोरड्या ट्रंकेतला कागद अजून दोन पावसाळे काढेल, पंच्याऐंशी वर्षांची आजी काढेलच असं नाही. गावातल्या ऐंशीच्या पुढच्या माणसांची यादी करा, त्यात ज्यांचं ऐकणं-बोलणं अजून शाबूत आहे त्यांना आधी गाठा.

अपवाद एकच. घर गळत असेल, पाडायला काढलं असेल किंवा वाटणी होऊन सामान रद्दीत जाणार असेल, तर त्या घरचे कागद पहिले (प्रश्न ८ आणि १६).

३. आजोबा म्हणतात, "माझ्याकडं काय हाय सांगण्यासारखं?" त्यांना बोलतं कसं करायचं?

"गावाचा इतिहास सांगा" असं विचारलं की माणूस एकतर गप्प होतो, नाहीतर शिवाजी महाराजांपासून सुरू करतो. दोन्हींचा उपयोग नाही. वस्तू हातात द्या किंवा जागेवर घेऊन जा. जुनी मोट दाखवा आणि "ही कुठल्या विहिरीवर होती, नाडा कोण वळायचं?" असं विचारा. बहात्तरच्या दुष्काळाचं विचारायचं तर "सुकडी कशी लागायची?" इथून सुरू करा (सुकडी म्हणजे दुष्काळात वाटलेलं तयार खाणं). लाल मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरीची चव अजून त्या पिढीच्या तोंडात आहे. त्यावरून खडी फोडायचं काम, हजेरी मांडणारा मुकादम, पाझर तलावाच्या भरावावरची पाळण्यातली पोरं, पगाराचा दिवस असं सगळं आपोआप निघतं.

एका बैठकीत तासाभरापेक्षा जास्त ताणू नका. पहिली बैठक ओळखीचीच जाते, खरं बोलणं दुसऱ्या खेपेला होतं. मध्येच "नाही हो, ते साल चुकलं" असं म्हणू नका. सालाचं नंतर बघता येतं, ते पुढच्या उत्तरात आहे.

४. म्हाताऱ्या माणसांना साल आठवत नाही. मग नोंद कशी करायची?

साल विचारूच नका, खूण विचारा. "भूकंपाच्या वेळी तुम्ही केवढे होता?" कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला, आणि त्या पहाटे आपण कुठे होतो हे साताऱ्याकडच्या माणसाला सहसा आठवतं. गांधीजींची हत्या (३० जानेवारी १९४८), नवे पैसे आले ते वर्ष (१९५७), चीनची लढाई (१९६२), इंदिरा गांधींची हत्या (३१ ऑक्टोबर १९८४), गिरण्यांचा संप (१८ जानेवारी १९८२ पासून), या साऱ्या चांगल्या खुणा आहेत. कुंडलच्या बाजूला "पत्री सरकारच्या टायमाला" म्हणतात, ती नाना पाटलांच्या प्रतिसरकारची, १९४२ नंतरची वर्षं. त्याच्याही आधीचं, आईबापांकडून ऐकलेलं असेल तर "मानमोडी" विचारा. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला आपल्याकडे हेच नाव होतं.

नोंदीत माणसाचे शब्द तसेच ठेवा: "भूकंपानंतर दोन उन्हाळे गेल्यावर". कंसात आपला अंदाज "१९६९-७०?" असा प्रश्नचिन्हासकट लिहा. अंदाज बदलू शकतो, म्हणून मूळ शब्द हलवायचे नाहीत.

५. मुलाखत मोबाइलवर रेकॉर्ड केली तर चालते का?

चालते. मोबाइल विमान मोडवर टाका, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. पंखा आणि टीव्ही बंद. पत्र्याखाली बसू नका, पावसात काहीच ऐकू येत नाही. ॲपमध्ये सोय असेल तर डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणाऱ्या) प्रकारात रेकॉर्ड करा.

सुरुवातीला आपण स्वतः बोलायचं: आज तारीख काय, गाव कोणतं, समोर कोण बसलंय, सोबत कोण आहे. मग त्यांना विचारायचं, "हे रेकॉर्ड करतोय, गावातल्या लोकांना ऐकवलं तर चालेल का? नाव सांगितलं तर चालेल?" त्यांचं उत्तरही त्याच रेकॉर्डिंगमध्ये येऊ द्या. वेगळ्या कागदावर सही मागितली की माणसं बिचकतात. जमिनीच्या कागदावर सह्या करून फसलेली घरं प्रत्येक गावात आहेत, त्यांना दोष देता येत नाही.

रेकॉर्डिंग व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं पुढे ढकलून मोबाइलमधून पुसू नका. मूळ फाइल संगणकावर उतरवा आणि नावात आधी वर्ष-महिना-दिवस, मग गाव, मग माणसाचं आडनाव टाका. अशा फायली आपोआप क्रमाने लागतात.

६. घरातल्या बायका बोलतच नाहीत, त्यांच्या वतीने पुरुष बोलतात. काय करावं?

ओसरीवर बसून हे होणार नाही. विचारायला बाईच जावी, आणि शेंगा फोडताना, गोधडीला टाके घालताना, पापड लाटताना जावी. बसून मुलाखत घ्यायची म्हटली की कारभारी येऊन बसतो. हाताला काम असलं की तो फिरकत नाही.

गाणी मागा. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यातून बायकांनी कधी उघड न बोललेलं किती बाहेर आलं ते आता सगळ्यांना ऐकायला मिळतं. ओवीतून सासर, माहेर, नवऱ्याचं वागणं, भावाने न केलेली बोळवण हे सगळं कळतं. ओवी लिहून घेताना ती कुणाकडून शिकली आणि ती बाई कुठल्या गावची, हेही लिहा. बाया लग्न होऊन येताना गाणी घेऊन येतात, त्यामुळे तुमच्या गावातली निम्मी गाणी दुसऱ्या गावची असतात, आणि कुठल्या गावाशी सोयरिकी होत्या तेही त्यातून दिसतं.

७. सातबारा ऑनलाइन मिळतो. मग शेतांची नावं वेगळी लिहायची काय गरज?

कारण सातबाऱ्यावर आकडा असतो. आधी सर्व्हे नंबर होते, जमिनीचे तुकडे जोडून एकत्रीकरण झाल्यानंतर बहुतेक गावांत गट नंबर आले. "चिंचेची पट्टी", "लवणातलं", "पिराचा माळ", "जळकं रान", "हाडकी" ही नावं तोंडावरच राहिली. पूर्वी ती कागदावरही असत. इंग्रजांच्या मोजणीच्या आधीच्या कागदांत थळझाडा नावाची यादी सापडते, त्यात शेतं नावानेच लिहिलेली असतात. त्यामुळे आज कुणाला जुना मोडी कागद आपल्या रानाशी जुळवायचा असेल, तर नावांशिवाय दुसरा दुवा नाही.

हाडकी-हाडवळा हे नाव आलं की तिथे महार वतनाची, म्हणजे गावकीच्या चाकरीबद्दल दिलेली, जमीन होती हे कळतं. ही वतनं १९५८ च्या कायद्याने गेली. नंतर ती जमीन कुणाकडे राहिली आणि कुणाकडे गेली, हा प्रश्न गावात विचारायला जरा छाती लागते, पण नाव लिहून ठेवायला काही हरकत नसते.

करायचं असं: तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावाचा नकाशा घ्या, मोठा करून छापा आणि संध्याकाळी पारावर पसरा. गुराख्यांना आणि धनगरांना मुद्दाम बोलवा. मालकाला स्वतःच्या रानाचं नाव माहीत असतं, पण गुराख्याला सगळ्या शिवाराचं असतं. ओढ्याचे वाफे, पाणंदी, बुजलेल्या विहिरी, मेंढरं बसवायच्या जागा हे सगळं त्याच नकाशावर चढवा. एकाच रानाला दोन नावं निघाली तर दोन्ही लिहा आणि कोणतं नाव कोण वापरतं तेही लिहा. गावाचा रोजचा इतिहास कुठून सुरू करायचा असं कुणी विचारलं तर आमचं उत्तर हाच नकाशा असतं. खर्च जवळजवळ नाही, आणि एरवी कधी न बोलणारे लोक त्यावर वाकून भांडायला लागतात.

८. जुन्या कागदांना वाळवी आणि कसर लागली आहे. लॅमिनेशन करून घेऊ का?

अजिबात नको. लॅमिनेशन उलटं फिरवता येत नाही, उष्णतेने जुना कागद आणखी ठिसूळ होतो. चिकटपट्टीही नको, तिचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो.

कागद सावलीत, वारा लागेल अशा जागी पसरा, ऊन दाखवू नका. मऊ ब्रशने धूळ झाडा. घडी उलगडताना कडकड आवाज आला तर थांबा, जबरदस्ती करू नका. मग सुती, धुतलेल्या, रंग न सुटणाऱ्या कापडात बांधा. जुन्या दफ्तरांचे रुमाल असेच बांधलेले असत, आणि दोन-तीनशे वर्षं टिकलेले आहेत. ट्रंक भिंतीला आणि भुईला चिकटवू नका, खाली विटा किंवा फळी घाला. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आसपास हवा कोरडी असते तेव्हा, उघडून बघा. मूळ कागदावर पेनने काही लिहू नका. नंबर टाकायचाच तर मऊ शिसपेन्सिलीने, कोपऱ्यात, बारीक.

आणि कागद घरातून उचलून आणू नका. घरच्यांसमोर, त्यांच्याच ओसरीवर फोटो काढा आणि ट्रंक परत द्या. गावात एकदा "कागद नेले" असं झालं की पुढची दहा दारं बंद होतात.

९. जुने फोटो कसे स्कॅन करायचे? मागे काय लिहायचं?

कागदपत्रांना ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके) पुरे, फोटोंना ६००, अगदी लहान पासपोर्ट फोटो असेल तर त्याहून जास्त. मूळ फाइल टिफ प्रकारात ठेवा, वाटायला जेपीजी करा. फोटोच्या मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो निघत नसेल तर ओढू नका, पानासकट फोटो घ्या.

स्कॅनपेक्षा महत्त्वाचं म्हणजे नावं. डावीकडून उजवीकडे, ओळीने, कोण कोण बसलंय. कडेला पाण्याचा तांब्या घेऊन उभा असलेला माणूसही विचारा, त्याचं नाव सहसा कुणी विचारत नाही. नावं नसलेला शाळेचा ग्रुप फोटो पन्नास वर्षांनी कुणाच्याच कामाचा राहत नाही.

१०. माळ्यावर मोडीतले कागद सापडले. कुणाकडून वाचून घ्यावेत?

राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाची मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे पुरालेखागारं आहेत, आणि संचालनालय मोडीचे वर्गही घेतं. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०) आणि धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ यांचं कामच हे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना मागणी वाढली आहे, त्यामुळे पैसे आधी ठरवा आणि मूळ कागद न देता स्कॅन द्या.

आमचं मत विचाराल तर गावातल्या दोघा-तिघांनी मोडी शिकावीच. छापील वळणाची मोडी महिना-दीड महिन्यात वाचता येते. घाईने ओढत लिहिलेली वाचायला वेळ लागतो, पण गावची आडनावं, शेतांची नावं (प्रश्न ७) तुम्हाला आधीच ठाऊक असतात, ती बाहेरच्या जाणकाराला नसतात.

११. कागदावर "शके", "फसली", "सुहूर सन" असं काही लिहिलंय. इसवी सन कसा काढायचा?

शकात ७८ मिळवा. पौषापासून फाल्गुनापर्यंतची तिथी जानेवारी उजाडल्यानंतरची असेल तर ७९. फसलीत ५९० मिळवा, फसली वर्षाच्या उत्तरार्धात, म्हणजे जानेवारीनंतर, ५९१. निजामाच्या मुलखातल्या कागदांवर बहुधा फसली असतो: फसली १३५७ म्हणजे १९४७-४८.

सुहूर सनात ५९९ मिळवायचे, जानेवारीनंतर ६००. हे वर्ष मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतं, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. अडचण अशी की तो आकड्यांऐवजी अरबी शब्दांत लिहितात, आणि एकम आधी येतो. "सलास खमसैन मया व अलफ" म्हणजे तीन, पन्नास, शंभर आणि हजार, ११५३, म्हणजे १७५२-५३. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा एवढी नवाची पाढ्यासारखी यादी पाठ केली की अर्धं काम झालं.

१२. सरकारी दफ्तरात आमच्या गावाचं काय मिळेल? जिल्हाच बदलला, आता शोधायचं कुठे?

आजचा जिल्हा विसरा, त्या काळी गाव कुणाकडे होतं ते आधी काढा. आटपाडी १९४८ पर्यंत औंध संस्थानात होती. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळालं. म्हणजे एकाच गावाचे कागद तीन नावांखाली लागतात. लातूर १९८२ आधी उस्मानाबादेत शोधायचं, सिंधुदुर्ग १९८१ आधी रत्नागिरीत. मराठवाड्याच्या गावांचे काही कागद थेट हैदराबादच्या पुरालेखागारात असू शकतात, आणि ते उर्दू-फारसीत.

गावपातळीवर तलाठी दफ्तरातले फेरफार (गाव नमुना ६) सगळ्यात बोलके. कोण मेलं, कुणाला किती वाटणी गेली, कर्ज कुणाचं, जमीन कधी गहाण पडली हे त्यात ओळीने असतं. गाव नमुना १४ म्हणजे जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही, तिच्यात साथींची वर्षं डोळ्यांनी दिसतात. हे बहुधा तहसीलच्या अभिलेख कक्षात गेलेलं असतं. नकलेसाठी अर्ज करा, टाळाटाळ झाली तर माहितीचा अधिकार २००५ पासून आहेच.

छापलेल्यांत मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा साताऱ्याचा खंड (१८८५) आधी चाळा. पण तो साहेबाच्या नजरेने लिहिलेला आहे, महसूल आणि जातींची वर्णनं यांवर त्याचा भर आहे, हे ध्यानात ठेवून वाचा. १९५१ पासूनच्या जिल्हा जनगणना पुस्तिकांत गाववार शाळा, पाण्याची सोय, बाजाराचा वार असे तक्ते मिळतात. १९६१ च्या जनगणनेबरोबर महाराष्ट्रातल्या जत्रा-यात्रांचा वेगळा खंडही निघाला होता.

१३. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर किंवा जनगणनेचे घरोघरचे अर्ज बघायला मिळतात का?

जनगणनेचे अर्ज नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याने ते गुप्त आहेत. शाळेचं रजिस्टर मुख्याध्यापकांच्या परवानगीने बघता येतं, पण त्यात जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं कारण असं सगळं असतं. हयात माणसांची पानं फोटो काढून फिरवू नका. त्यातून आकडे काढा: पहिली मुलगी कोणत्या वर्षी दाखल झाली, बहात्तर साली किती पोरं "कामावर गेल्याने" गळाली. नावं लिहायची गरज पडत नाही.

१४. मारुतीच्या देवळापुढे वीरगळ (वीरांच्या स्मरणाचे कोरीव दगड) आहेत, लोक शेंदूर फासतात. काढून टाकावा का?

नाही. वायरब्रश, ॲसिड, सँडब्लास्टिंग हे तर मुळीच नको, शेंदराबरोबर कोरीव कामही जातं. शिवाय लोकांनी ज्याला देव मानलंय त्याला हात लावला की काम तिथेच संपलं. फोटो घ्या. अक्षरं पुसट असतील तर भल्या सकाळी किंवा सांजवेळी, नाहीतर रात्री टॉर्च एका बाजूने तिरपा धरून घ्या. खडू किंवा पीठ भरून अक्षरं उठवू नका. जागा, उंची, कुठल्या दिशेला तोंड आहे हे लिहा. पायरीला किंवा गटाराच्या कडेला लावलेले दगड दिसले तर आहे तिथेच नोंद करून ग्रामपंचायतीच्या कानावर घाला.

१५. नांगरताना नाण्यांचा गडू सापडला. गावाच्या संग्रहात ठेवता येईल का?

परस्पर नाही. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं जमिनीत पुरलेलं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय, किती, कुठे, केव्हा. मालक नसल्याचं ठरलं तर शोधणाऱ्याला आणि जमीनमालकाला हिस्सा मिळण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. लपवलं तर शिक्षा. नाणी घासू-चिंचवू नका. आणि घरातल्या जुन्या मूर्ती, चित्रं विकत घ्यायला कुणी फिरत असेल तर सावध राहा: शंभर वर्षांवरच्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांवरची महत्त्वाची हस्तलिखितं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात, परवान्याशिवाय त्यांचा धंदा करता येत नाही.

१६. जुनं माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं) घर पाडून स्लॅब टाकणार आहेत. अडवायचं कसं?

अडवू नका. पावसाळ्याआधी दर वर्षी पांढरी माती टाकायला आता माणूस मिळत नाही, आणि त्या घरात राहायचं त्यांना आहे. पाडायच्या आधी दोन दिवस मागून घ्या. प्रत्येक खोलीचं माप, दार कुठल्या बाजूला, चूल कुठे, साणं (छतातलं उजेडाचं भोक) कुठे, जातं कुठे रोवलं होतं, बाळंतिणीची खोली कोणती, जनावरं आत बांधायचे का, याचा हाताने नकाशा काढा. ज्यांनी तसली घरं बांधली त्या गवंड्याला आणि सुताराला सोबत न्या. तुळई, कडीपाट, किलच्या अशी छताच्या लाकडांची त्यांच्या तोंडची नावं रेकॉर्ड करा. घर दुरुस्त करणार असतील तर एवढंच सांगा की चुन्याच्या किंवा मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ नका, ओल आत अडकते आणि भिंत फुगते.

१७. वस्त्यांची जुनी नावं जातीवरून आहेत. ती नकाशावर लिहायची का?

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. त्यामुळे फलक, निमंत्रण, आजचा नकाशा यांवर नवं नावच हवं. पण संग्रहातल्या नोंदीत जुनं नाव ठेवा, "अमुक सालापर्यंत असं म्हणत" या टिपेसह. ते पुसलं तर गावकुसाबाहेर कोण राहत होतं हेच पुसलं जातं. ते कसं मांडायचं हे मात्र त्या वस्तीतल्या लोकांना विचारून ठरवा, गावठाणातल्यांनी परस्पर नको.

१८. १९४८ ची जाळपोळ, बहिष्कार, खून, जुनी भांडणं. हे लिहावं की सोडून द्यावं?

लिहून ठेवावं, लगेच छापू नये. गांधीहत्येनंतर आपल्या भागात अनेक गावांत ब्राह्मणांची घरं जळाली. ज्यांचं जळलं ते पुण्या-मुंबईला गेले आणि ज्यांनी पाहिलं ते गावात राहिले, त्यामुळे दोन्ही टोकांना जाऊन विचारावं लागतं. पाणवठ्यावरून, मिरवणुकीवरून झालेल्या मारहाणींचंही तसंच.

रेकॉर्डिंगवर "अमुक सालापर्यंत बंद" असा शेरा टाकता येतो, वीस-तीस वर्षं सहज. आरोप असलेल्यांची नावं लेखात, यूट्यूबवर, भाषणात घेऊ नका. त्यांची नातवंडं त्याच शाळेत शिकतात. "असं ऐकलं" आणि "मी पाहिलं" यांतला फरक नोंदीत स्पष्ट दिसू द्या.

१९. दोन भावक्या ग्रामदैवताच्या दोन वेगवेगळ्या कथा सांगतात. खरी कोणती?

दोन्ही लिहा, कुणी सांगितली त्यासह. यात्रेत पालखीचा मान कुणाचा, काठी कुणाची, पहिला नारळ कुणाचा हे वाद त्या कथांमागे असतात आणि त्यांतले काही कोर्टात चालू असतात. तुमचा निवाडा कुणी मागितलेला नाही. जुना निवाडपत्राचा कागद हाती लागला तर तो तेवढा प्रश्न १० प्रमाणे वाचून घ्या, आणि भर जत्रेत फडकवू नका.

२०. निम्मं गाव बाहेर आहे. त्यांचा इतिहास गावाचा धरायचा का?

धरायलाच हवा. खानापूर-आटपाडी-माणमधली गलाई करणारी माणसं सोनं-चांदी गाळायला तामिळनाडू, केरळपासून बंगालपर्यंत पसरली आहेत. गावातली कितीतरी देवळं, शाळेच्या खोल्या, तालमी त्यांच्या पैशांनी उभ्या राहिल्या. मुंबईच्या गिरणगावात गावाच्या मंडळाची खोली असायची. तिथली हजेरी, खानावळीचं खातं, भिशीची वही हे आपल्या गावाचेच कागद. संपानंतर कोण परत आलं आणि त्याने गावात येऊन काय केलं हे विचाराच. ही माणसं यात्रेला आणि दिवाळीला गावी येतात, तेव्हा त्यांना गाठा. एरवी फोनवर बोलणं रेकॉर्ड करायचं तर आधी विचारून.

२१. जुना फोटो लावला, तर कुणी हक्क सांगू शकतो का?

पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. फोटोचा कॉपीराइट, २०१२ च्या दुरुस्तीपासून, काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्यामागे साठ वर्षं टिकतो. पत्राची गंमत वेगळी आहे: कागद ज्याला आलं त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे साठ वर्षं वारसांचा. कायदा काही म्हणो, घरच्यांना विचारल्याशिवाय लावू नका. नवऱ्याने टाकलेल्या बाईचा लग्नातला फोटो कायद्याने चालेल, पण गावात चालणार नाही.

२२. जमवलेलं थेट मराठी विकिपीडियावर टाकता येईल का?

मुलाखतीतली माहिती नाही. तिथे आधी कुठेतरी प्रसिद्ध झालेलं, संदर्भ देता येईल असंच चालतं. स्वतः काढलेले फोटो विकिमीडिया कॉमन्सवर द्यायला हरकत नाही, फक्त ते मग कुणालाही वापरता येतात हे समजून द्या. फेसबुकचं पान लोकांना गोळा करायला चांगलं, संग्रह म्हणून भरवशाचं नाही.

२३. गावात संग्रहालय काढावं का? जमलेलं ठेवायचं कुठे?

संग्रहालयाची घाई नको. औंधला श्री भवानी संग्रहालय उभं राहिलं ते राजाच्या पैशाने आणि हौसेने. आपल्याकडे बहुधा ग्रामपंचायतीची एक खोली मिळते, निवडणुकीनंतर तिची किल्ली बदलते आणि नांगर-पाभरी पावसात जातात. वस्तू ज्यांच्या त्यांच्या घरी राहू द्या, कुठे काय आहे याची यादी आणि फोटो तेवढे ठेवा. यात्रेच्या दोन दिवसांत मागून आणून मांडा आणि परत करा.

फायलींच्या तीन प्रती करा, दोन वेगळ्या प्रकारच्या साठ्यांवर, आणि एक प्रत गावाबाहेर. पेनड्राइव्ह एकट्यावर विसंबू नका. छापील यादीची एक प्रत गावच्या वाचनालयात द्या. गटातल्या तिघांना तरी पासवर्ड माहीत हवेत. सगळं एकाच हौशी माणसाकडे असतं आणि तो बदलीवर गेला की फायली त्याच्या जुन्या लॅपटॉपमध्ये राहतात, हे फार ठिकाणी घडतं.

२४. एकदा दिलेली मुलाखत कुणी मागे घ्यायची म्हटलं तर?

बोलणाऱ्याने स्वतः म्हटलं तर वाद न घालता काढून टाका, सगळ्या प्रतींमधून. पूर्ण काढायची की तेवढा भाग बंद ठेवायचा (प्रश्न १८), एवढं फक्त विचारा. बरेचदा एका नावापुरतीच अडचण असते. ती व्यक्ती वारली आणि मुलगा "काढा" म्हणतो, पण मुलगी "राहू द्या" म्हणते, असंही होतं. अशा वेळी आम्ही बाहेर ऐकवणं थांबवतो, मूळ फाइल ठेवतो, आणि घरात एकमत झालं की कळवा म्हणून सांगतो. म्हणूनच सुरुवातीला त्या माणसाचं स्वतःचं उत्तर रेकॉर्ड झालेलं हवं (प्रश्न ५).